तुरीचं लेकरू

आम्ही खोल्या बघायला गेलो तेव्हा घरमालक सर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते आणि त्यांच्या खांद्यावर मान टाकून एक उशीचा अभ्रा झोपला होता. ‘झोपला होता’ असं मी मुद्दाम म्हणते, कारण सर त्याच्या पाठीवर हलकेच थोपटत होते, आणि आम्हाला पाहताच त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. अभ्र्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं होतं आणि आत काहीतरी सळसळत होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं माझ्याकडे. पुसदमध्ये भाड्याच्या खोल्यांचा काही दुष्काळ नाही, एवढं आम्ही न बोलताच एकमेकांना सांगून टाकलं.

सरांनी अभ्रा खाटेवर निजवला, तो लोळू नये म्हणून बाजूला लोड लावला आणि मग खोल्या दाखवल्या. खोल्या हवेशीर होत्या, नळ घरातच होता, त्यामुळे अभ्र्याकडे काणाडोळा करायचं आम्ही ठरवलं. निघताना सरांनी माझ्या कडेवरच्या पोराकडे हात पुढे केले. पोरगं पाच महिन्यांचं होतं. त्याला दोन्ही हातांवर घेऊन सरांनी भाजीवाला पपई तोलतो तसं खालीवर केलं आणि सांगितलं की आमच्या लहानीपेक्षा हा पावभर जास्त भरेल.

लहानी म्हणजे त्यांची नात. मुलगी गुवाहाटीला होती, जावई तिकडे नोकरीला, म्हणजे यायचं तर विमानानंच. नातू अडीच वर्षांचा आणि ही लहानी माझ्या मुलाच्याच वयाची. मुलगी फोनवर लहानीचं वजन सांगे, की सर अभ्र्याची सुतळी सोडून तेवढी तूर आत ओतत. कशासाठी, असं मी विचारलं, तेव्हा मी फारच साधी गोष्ट विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हात किती दुखते ते पाहून राह्यलो. ती दोन लेकरं घेऊन इमानात येईन, तवा तिचा हात दुखंन का नाही? मंग आपल्याले मालूम पाह्यजे."

सर शाळेत पी.टी. शिकवत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण शिट्टी अजून गळ्यात होती, सदऱ्याच्या आत, जानव्यासारखी. अर्ध्या पुसदला त्यांनी उन्हात उभं केलेलं होतं. बाजारात पोट सुटलेले व्यापारी त्यांना पाहिलं की आपोआप ताठ होत. आणि तेच व्यापारी, सर अभ्रा कडेवर घेऊन दुधाला निघाले की विचारत, "सर, लेकरू झोपलं काय?" सर गंभीरपणे सांगत की आत्ताच डोळा लागला. टिंगल त्यांना कळत नव्हती असं नाही. तिच्याकडे लक्ष द्यायला त्यांना सवड नव्हती.

त्यांचं सगळं आयुष्य त्या दिवसांत एका वाक्याशी भांडण्यात चाललं होतं. दर रविवारी ते मुलीला फोन करत. इकडचं तिकडचं झालं की विचारत, कधी येते? आणि ती दर वेळी तेच सांगे, "लेकरं लहान आहेत ना बाबा, कसं येऊ?" गुवाहाटीहून नागपूरला यायचं तर मध्ये कलकत्त्याला विमान बदलावं लागतं, म्हणजे दोनदा चढणं आणि दोनदा उतरणं. एक पोर मांडीवर, एक पोर हाताशी. जावयाला सुट्टी नसे. तिचं म्हणणं खोटं म्हणता येण्यासारखं नव्हतं. मग सरांनी असा निश्चय केला की या वाक्यात जेवढी म्हणून अडचण आहे तेवढी आपण एकेक करून काढून टाकायची. शेवटी वाक्यच उरणार नाही आणि मग तिला यावंच लागेल.

व्हरांड्यात शाळेच्या लिलावातला एक लांब बाक होता. समोर दुसरा बाक उलटा लावून सर त्याचं विमान करत. गुडघ्यांना जागा एवढीच ठेवायची, कारण विमानात तेवढीच असते. मी मधे, मांडीवर माझं पोरगं, खिडकीशी माझी तीन वर्षांची मुलगी. खिडकी म्हणजे कॅलेंडरचा मागचा कोरा कागद. सरांची शिट्टी वाजली की विमान निघालं. मग बाळाला पाजायचं. आधी पाजायचं नाही, ते कितीही रडलं तरी. चाकं सुटली की पाजायचं आणि उतरायला लागलं की पुन्हा पाजायचं, म्हणजे घोट गिळताना कान मोकळे होतात. मोठ्या पोराला काडीची गोळी द्यायची. काडी नसलेली गोळी सरांना मंजूर नव्हती, ती घशात जाते. सर मला पाजायला लावून सभ्यपणे पाठ फिरवून उभे राहत आणि भिंतीकडे तोंड करून पुढच्या सूचना देत. माझा नवरा ऑफिसातून आला की आधी फाटकातून डोकावून बघे, विमान उतरलंय का.

या सगळ्याला मी का तयार होत असे? खरं सांगायचं तर दोन लहान पोरांसोबत दिवसभर घरात बसून माझा जीव अगदी मेटाकुटीला आलेला असे आणि सरांच्या विमानात निदान कोणीतरी माझी विचारपूस करत होतं. पोरांच्या सामानाचं सगळेच विचारतात. सरांनी मला विचारलं होतं की तू तुझ्यासाठी काय घेशील. "लेकराचे कपडे समदे घेतात. मायचा ब्लाऊज कोनी घेत नाही. आन् ओकते लेकरू मायच्याच आंगावर." ही बाब त्यांनी मुलीलाही कळवली होती. बोलून पाठवायचे संदेश ते मोबाइल तोंडासमोर आडवा धरून, मैदानावर ऐकू जाईल अशा आवाजात पाठवत. आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला गुवाहाटीच्या विमानात काय काय लागतं ते पाठ झालं होतं.

हे ज्ञान त्यांनी मिळवलं कुठून, तर नागपूरच्या विमानतळावरून. सर स्वतः जन्मात विमानात बसले नव्हते. सकाळच्या एस.टी.नं ते नागपूरला जात आणि प्रवासी बाहेर येतात त्या दारापाशी, नावांच्या पाट्या धरून उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्यांत उभे राहत. कडेवर पोर असलेली बाई बाहेर आली की पुढे होऊन विचारत, माय, रडलं काय हो लेकरू? कुठं रडलं, चढताना का उतरताना? काही बाया घाबरून नवऱ्याला हाक मारत. काही मात्र थांबत आणि सामान खाली ठेवून सगळं सांगत, कारण त्यांनाही हे विचारणारं दुसरं कोणी भेटलेलं नसे. आधी पोराला दमवावं, मग विमानात बसवावं, हे एका बाईनंच त्यांना सांगितलं. पी.टी.च्या माणसाला हे इतकं पटलं की पुढचा महिनाभर माझ्या मुलीला बाकावर बसण्याआधी अंगणाला फेऱ्या माराव्या लागल्या.

मी खरोखर विमानानं गेले ती दिल्लीला, बहिणीच्या घरी, दोन्ही पोरं घेऊन एकटी. नवऱ्याला रजा मिळाली नाही आणि सर म्हणाले, जा, तू तयार आहेस. त्यांच्या बहुतेक गोष्टी उपयोगी पडल्या. पाजण्याची पडली, ब्लाऊजची तर फारच पडली. फेऱ्यांची मात्र अंगाशी आली. विमानतळावर मुलीला पळवून पळवून दमवलं, तर ती रांगेत उभ्या उभ्या झोपली आणि विमानात बसल्यावर ताजीतवानी होऊन उठली. शेजारचे गृहस्थ आमच्याकडे बघत होते. तेव्हा सरांचं एक वाक्य कामाला आलं, ते म्हणजे, लोकं पाहतीन, पाहू द्याचं. पुढे आयुष्यात कितीतरी ठिकाणी मी हे वाक्य वापरलं आहे.

परत आले तेव्हा नागपूरच्या दाराबाहेर टॅक्सीवाल्यांत सर उभे होते. त्यांनी हातातली बॅग घेतली नाही, कशी आहेस विचारलं नाही. एकच शब्द विचारला, "कान?" मी म्हटलं, नाही दुखले सर, दोघांचेही नाही. त्या माणसाचा चेहरा मी अजून विसरलेली नाही. एखादं पोर पास झाल्यासारखे ते हसले आणि मग एकदम माझ्याकडे पाठ करून घाईनं बॅगा उचलायला लागले.

त्या पाठ फिरवण्याचं कारण मला पुढे कळलं, आणि ते त्यांनीच सांगितलं. एका दुपारी ते खाटेवर बसून पुरचुंड्या बांधत होते. पुरचुंड्या नातवासाठी. विमानात पोराला एकदम खेळणी द्यायची नाहीत. लहान लहान फडक्यांत एकेक वस्तू बांधायची, गाठ जरा घट्ट मारायची आणि पोर कंटाळलं की एक पुरचुंडी हातात द्यायची. गाठ सोडण्यातच त्याचा वेळ जातो. आत काय असावं याला महत्त्व नव्हतं. कपड्याचा चिमटा, रंगीत बटणं ओवलेला दोरा, रिकामी काडेपेटी, सागरगोटा. फडकी एका जुन्या सुती लुगड्याची होती, जांभळ्या रंगाची, बारीक चौकड्यांची. मी सहज विचारलं, हे कुणाचं? सरांनी गाठ पुरी मारली आणि सांगितलं, तिच्या मायचं.

बाई, म्हणजे सरांची बायको, आम्ही राहायला येण्याआधीच गेल्या होत्या. एवढंच मला माहीत होतं. आता सरांनी उरलेलं सांगितलं. मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं, पण बाईंना दुखणं लागलं म्हणून ते गुवाहाटीलाच झालं आणि पुण्याहून तिची सासू तिकडे गेली. पोर वीसेक दिवसांचं असताना बाईंचं जास्त झालं. मुलगी फोनवर रडून विचारत होती, येऊ का, मी येते. सरांनी सांगितलं, माय बरी आहे, घाई करू नको. ओल्या बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडू नये, आपल्यात कोणी ओलांडला नाही. आणि शाळेतल्या एका जुन्या सोबत्यानं सांगितलं होतं की विमानात तान्ह्या पोराचे कान फुटतात. सरांनी त्यावर विश्वास ठेवला. सव्वा महिना भरला की वाजतगाजत ये, असं ते तिला म्हणाले. तो भरायच्या आतच बाई गेल्या. मुलीला त्यांनी कळवलं ते सगळं उरकल्यावर, कारण आधी कळवलं असतं तर ती निघाली असती.

"मले वाटलं, मी लेकराचे कान वाचवून राह्यलो," सर म्हणाले. "ती शेवटपर्यंत दाराकडं पाहत होती, आन् मी तिले सांगून राह्यलो होतो का पोरगी निघाली म्हनून. दोघींसंग खोटं बोललो मी."

आई गेल्यानंतर मुलगी एकदाही पुसदला आली नव्हती. भांडली नव्हती, अबोला धरला नव्हता, रविवारचा फोन घेत होती. फक्त लेकरं लहान आहेत म्हणत होती. आणि सरांना त्या वाक्याचा अर्थ पुरता कळत होता, असं मला त्या दुपारपासून वाटत आलं आहे. तरी ते कानांचा, काडीच्या गोळीचा आणि तुरीचा बंदोबस्त करत राहिले, कारण तेवढंच त्यांच्या हातात होतं. तिची क्षमा कशी मागायची, हे काही नागपूरच्या दाराशी उभं राहून विचारता येण्यासारखं नव्हतं.

पुरचुंड्या कुरिअरनं गुवाहाटीला गेल्या. सोबत मोठ्या आवाजातला संदेशही गेला की या घरी सोडायच्या नाहीत, इमानात बसल्यावरच सोडायच्या, नाहीतर पोराची उत्सुकता संपते. मुलगी म्हणाली, बरं बाबा. नातवालाही बजावलं गेलं. तो फोनवर विचारी, आता सोडू का? सर सांगत, इमानात. काही महिने हा खेळ चालला. लहानी बसायला लागली, रांगायला लागली. अभ्रा जड होत गेला, सरांचा खांदा दुखायला लागला आणि रात्री ते माझ्या नवऱ्याकडून मलम चोळून घेऊ लागले. नवरा म्हणे, सर, थोडी तूर कमी करा. सर म्हणत, लेकरू कमी करता येते काय?

मग गणपती झाले. विसर्जनानंतरच्या रविवारी दुपारी सरांनी मला हाक मारली, कारण मोबाइलवर चेहरा दिसायचा फोन त्यांना एकट्याला नीट लावता येत नसे. मी फोन लावून दिला आणि मोबाइल बाकावर तांब्याला टेकवून ठेवला. मुलगी दिसली, मग तिला बाजूला सारून नातू पुढे आला. तो खुशीत होता. म्हणाला, आजोबा, अजून पुरचुंड्या पाठवा.

सर म्हणाले की आधी आहेत त्या तर सोड, इमानात बसशील तेव्हा.

"त्या संपल्या," नातू म्हणाला. "पुण्याच्या आजोबांकडे गणपती होता ना, तेव्हा विमानात सोडल्या. जाताना सगळ्या संपल्या. येताना मग मी रडलो."

गुवाहाटीहून पुण्याला जायचं तरी मध्ये विमान बदलावं लागतं. तेही दोनदा चढणं आणि दोनदा उतरणं, येताना पुन्हा तेवढंच. मला त्या क्षणी मोबाइल पालथा घालावासा वाटला. पडद्यावर नातवाच्या मागे मुलीचा अर्धा चेहरा दिसत होता, ती हलली नाही. मी सरांकडे बघायचं टाळलं आणि तरी पाहिलं. ते ताठ बसले होते. त्यांचा हात गळ्यातल्या शिट्टीवर गेला होता. मग ते मोबाइलकडे वाकले.

"कान दुखले काय रे बाप्पा?"

"नाही," नातू म्हणाला. "मी काडीची गोळी खाल्ली. आई म्हणाली, आजोबांनी सांगितलंय, चोखत राहा. लहानी दूध पीत होती. ती रडली पण नाही."

"शाब्बास," सर म्हणाले. "आन् मायनं ब्लाऊज घेतला होता काय जास्तीचा?"

यावर पडद्यावरची मुलगी बाजूला झाली, नुसती मागची भिंत दिसायला लागली. म्हणजे तिनं एकूण एक संदेश ऐकला होता. एकही वाया घालवला नव्हता. तो सगळा बंदोबस्त घेऊन ती दुसऱ्या घरी जाऊन आली होती. मला तिचा राग आला आणि रागासोबतच त्या चौकड्यांच्या फडक्यांची आठवण झाली. आईच्या लुगड्याच्या गाठी ती विमानात बसून पोराला सोडू देत होती. तिला तेव्हा काय झालं असेल ते मी कोण ठरवणार? तिनंही काही कमी सोसलेलं नव्हतं. थोड्या वेळानं सरांनी भिंतीकडे पाहत विचारलं, लहानीचं वजन किती झालं? आतून मुलीनं आकडा सांगितला. फोन बंद झाल्यावर सर उठले, कोठीतून तुरीचा डबा आणला आणि मला म्हणाले, बेटा, जरा तोंड धर. मी अभ्र्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून उभी राहिले आणि त्यांनी सांगितली गेली तेवढी तूर आत ओतली. एक दाणा बाहेर पडला नाही.

पुढच्या वर्षी नवऱ्याची बदली नेरला झाली. निघताना माझ्या मुलानं, तोवर तो चालायला लागला होता, सरांच्या कडेवर जायला नकार दिला. सर म्हणाले, बरोबर आहे, आता त्याले कायले उचलायचं.

नेरला आल्यावरही सरांचा फोन येत राहिला. पोरांची चौकशी, माझ्या नवऱ्याच्या सुटलेल्या पोटाची चौकशी, आणि विमानात बसणारं कोणी ओळखीत असेल तर त्याच्यासाठी दोन गोष्टी. मग त्या गोष्टी हळूहळू येईनाशा झाल्या. परवा मात्र त्यांचा फोन सकाळीच आला. म्हणाले, लहानी पळायला लागली, आता तिले कडेवर घ्याची गरज नाही, म्हनून अभरा सोडला. तूर भरडून डाळ केली आणि सगळी गुवाहाटीला पाठवली. आणि आदल्या दिवशी, रविवार नसताना, मुलीचा फोन आला होता. तिनं आपणहून केलेला इतक्या वर्षांतला पहिला फोन. तिला आईसारखं वरण कसं करायचं ते विचारायचं होतं. तिच्या हातून तसं होत नाही, असं ती म्हणत होती.

"साऱ्या जगाले सांगत फिरलो मी," सर म्हणाले, "आन् हे मले मालूम नाही. मी नुसतं जेवलो. तिले म्हनलं, मले नाही येत माय. तू ये, आपन दोघं करून पाहू."

मी विचारलं, मग?

"म्हने, लेकरं लहान आहेत ना बाबा."

मी पुढच्या गोष्टीची वाट पाहत राहिले, कानांच्या, गोळीच्या, कलकत्त्याला विमान बदलताना कुठल्या दारानं जायचं त्याच्या. ती आली नाही.

"मी म्हनलं, हो माय. तेव्हा तं एकच होतं, आन् वीस दिवसाचं होतं. तरी तुले येऊ द्याले पाह्यजे होतं. चुकलं माह्यं."

ती काय म्हणाली, असं मी विचारलं.

"काही नाही म्हनली," सर म्हणाले. "पन फोन ठेवला नाही तिनं. म्या बी नाही ठेवला."

मग तेही गप्प झाले. मी नेरच्या स्वयंपाकघरात, गॅस बंद करून, फोन कानाला धरून तशीच उभी राहिले.